गार थेंबाने माझा डावा डोळा खाल्ला

अन्याय झाला तो माझ्यावर. दीपाली, राहणार कुरवंडे, वय सव्वीस. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला, लोणावळ्याच्या बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात. काउंटरच्या अलीकडे मी होते, पलीकडे तो होता. मी विचारलं, "मामा, हे रोज घातलं तर डोळ्याला काही होत नाही ना? हल्ली दिव्याभोवती मला रंगीत कडं दिसतं."

तो बाटली कागदी पुडीत टाकत म्हणाला, "अगं, पाणी आहे ते. तान्ह्या पोरांनासुद्धा देतो मी."

त्या संध्याकाळी तो "डॉक्टरला दाखव" एवढंच बोलला असता तर माझ्या डाव्या डोळ्याची नजर आज जास्त शिल्लक असती. हे मी रागाने म्हणत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. राग माझा आहेच, तो वेगळा.

मी टपरीवाल्यांसाठी पत्रकं लिहिते. दरीकाठच्या पर्यटकांच्या पॉइंटवरच्या टपऱ्या हटवायला सरकारी गाडी आली की रातोरात मजकूर माझ्याकडून जातो. आजारपणाबद्दल लिहिताना जरा मऊ लिहावं, असं मला दोघातिघांनी सांगितलं. ज्याला काचबिंदू झालाय त्याला धीर मिळेल असं लिही, म्हणाले. धीर मिळेल तेवढा घ्या. पण माझी दोनच कामं चालू आहेत: डोळ्यात उरलंय ते टिकवायचं, आणि ज्याने नेलं त्याला सोडायचं नाही. हे लिखाणही त्याच कामातलं आहे.

गार थेंब म्हणजे काय

माझ्या आईची पॉइंटवर टपरी आहे. कणीस, भजी, चहा. सीझनमध्ये दिवसभर कोळशाच्या शेगडीला पुठ्ठ्याने वारा घालायचा आणि वर कणीस फिरवायचं. वारा दरीतून उलटा येतो, धूर थेट तोंडावर. दुपारपर्यंत ओळीतल्या सगळ्या बायकांचे डोळे लाल. चोळून चोळून पापण्या सुजतात. मी कॉलेजपासून सुट्टीच्या दिवशी टपरीवर असायची, त्यामुळे माझेही.

मग कुणीतरी हाक मारतं, "ए, गार थेंब कुणाकडं हाय?"

पांढरी छोटी बाटली, आत दुधासारखं औषध. हलवून घालायचं. घातलं की मिनिटात खाज बंद, डोळा बर्फासारखा गार. म्हणून गार थेंब. खरं नाव कुणालाच माहीत नाही. एक बाटली पहिल्या टपरीपासून शेवटच्या टपरीपर्यंत फिरते, तंबाखूच्या डबीसारखी. संपली की जो खाली बाजारात जाईल तो आणतो. काउंटरवर नाव सांगावं लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. "गार थेंब द्या," म्हटलं की मिळतो. दुकानदार माझ्या वहिनीचा सख्खा मामा, म्हणून आम्हाला तर हसत मिळायचा.

मला थेंब स्वतःच्या हाताने घालता यायचा नाही, डोळा मिटायचा. आई माझं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी ताणायची आणि घालायची. तीन सीझन. सीझन संपल्यावरही, कारण तोवर थेंब नसला की डोळा आणखीच खाजायचा.

खांब

वडगावला तहसीलवर आमचा मोर्चा होता. घोषणा देत पुढे चालले होते आणि डावीकडच्या विजेच्या खांबावर सरळ जाऊन आदळले. कपाळ फुटलं. मागून पोरं ओरडली, "लीडर, खांब हटवायची मागणी पण घालायची का निवेदनात?" मीही हसले. रुमाल बांधून पुढचं भाषण केलं.

नंतर लक्षात यायला लागलं. डावीकडून येणारी दुचाकी अचानक अंगावर उगवायची. कुणी डाव्या हाताला येऊन उभं राहिलं तर बोलेपर्यंत कळायचं नाही. समोरचं मात्र सगळं स्वच्छ. पत्रकाची प्रुफं मी एकही चूक न सोडता वाचत होते. म्हणून मला वाटायचं, नजर उत्तम आहे, मीच वेंधळी झालेय. काचबिंदू असाच चोरी करतो. आधी कुंपणाकडची जमीन दाबतो, घराला हात लावत नाही. घरातल्याला काय कळणार?

महेशदादाने, म्हणजे माझ्या भावाने, शेवटी जबरदस्तीने पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. आईही आली.

मशीन चालू होतं

तिथे एक तपासणी असते. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेला कुठे उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजवा डोळा झाला, टिकटिक बटण दाबलं. मग डावा. मी बघत बसले. काहीच चमकेना. थोड्या वेळाने मी वैतागून म्हटलं, "अहो, तुमचं मशीन बंद पडलंय."

तपासणाऱ्या मुलाने पडद्याकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाला, "चालू आहे ताई. तुम्ही समोर बघत राहा."

त्याचा तो आवाज मी विसरणार नाही. कुणाच्या घरी मयताचा निरोप सांगताना माणूस असा आवाज लावतो.

डॉक्टर मॅडमनी दाब मोजला. डोळ्याच्या आत दाब असतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या डाव्या डोळ्यात तो असायला हवा त्याच्या दुपटीच्या वर होता, उजव्यातही वाढलेला. त्यांनी विचारलं, "डोळ्यात कसले थेंब घालता का?"

"नाही," मी म्हटलं.

"दमा, त्वचेसाठी मलम, गोळ्या?"

"काही नाही."

"नीट आठवा. डोळ्यात काहीच घालत नाही?"

"काहीच नाही मॅडम."

मी खोटं बोलत नव्हते. गार थेंब हे औषध आहे असं आमच्या ओळीत कुणीच धरत नाही. तोंडावर पाणी मारलं का, असं विचारल्यासारखं ते. मागे स्टुलावर बसलेली आई म्हणाली, "आवो काय न्हाई वो घालत ती. आमचा तो गार थेंब सोडला तर." आणि कमरेच्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. तिला वाटलं, मॅडमना उपयोगी पडेल.

मॅडमनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. विचारलं, "किती दिवस?"

"तीन वर्सं झाली की. ह्यो लय गुणाचा हाय."

मॅडमनी बाटली खाली ठेवली. स्टेरॉइड, त्या म्हणाल्या. खाज थांबवतं, लाली घालवतं आणि काहीजणांच्या डोळ्याचा आतला निचरा तुंबवतं. दाब चढतो, मागची नस मरते. दुखत नाही, लाल होत नाही, उलट डोळा छान वाटतो. मेलेली नस परत येत नाही.

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आईचा हात

घरी आल्यावर आईने टपरी उघडली नाही. सीझन असून. चुलीपाशी बसून राहायची. एकदा म्हणाली, "माज्याच हातानं घातलं गं. मांडीवर घिऊन."

मी ओरडले. तिच्यावर ओरडले, कारण समोर तीच होती. म्हटलं, तुझा हात काय करणार, तुला वाचता येत नाही, त्याला येतं! खोक्यावर छापलेलं असतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. त्याच्या भिंतीवर फ्रेममध्ये लायसन लावलेलं आहे. विष त्याने दिलं आणि घालायला माझ्या आईचा हात वापरला. डोळ्याचं नुकसान मी एखाद्या दिवशी विसरेन. हे नाही विसरणार.

वहिनी दारात उभी होती. रोहिणीवहिनी, घोरावाडीची. बोलायला लाघवी, भांडणाच्या वाऱ्याला उभी न राहणारी. तिच्या लग्नात तिला बाशिंग बांधून मांडवातून चालवत आणलं ते याच मामाने. ती आत गेली.

नाव घेतलं

गार थेंब बंद केला. दाब उतरवायचे दुसरे थेंब सुरू झाले, घड्याळ लावून. उजव्या डोळ्याने ऐकलं. डावा ऐकेना. मग मॅडमनी शस्त्रक्रिया सुचवली.

मला जसं समजलं तसं सांगते. डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेने फिरणाऱ्या एका बारीक गोल पाटातून निघून जातं. माझा पाट बंद. जुन्या पद्धतीत डोळ्याला बाहेरून छेद देऊन नवी वाट काढायचे. या नव्या पद्धतीत बारीकशा छिद्रातून आत जातात, पाटात केसासारखा धागा गोल फिरवतात आणि ओढून पाट मोकळा करतात. छेद लहान, बरं होणं लवकर. सगळ्यांना ही चालत नाही, तुम्हाला चालेल का ते तुमचे डॉक्टर सांगतील.

मी विचारलं, "मग दिसायला लागेल?"

"नाही. गेलेलं येत नाही."

"मग कशाला करायची?"

"उरलेलं जाऊ नये म्हणून."

असं सरळ बोलणारं माणूस भेटलं की बरं वाटतं. मी सही केली.

त्या सकाळी आम्ही सात-आठ जण हिरवे झगे घालून बाकावर ओळीने बसलो होतो. भुवईवर खूण, दर थोड्या वेळाने थेंब. बाकीचे सगळे मोतीबिंदूवाले म्हातारे. शेजारचे कामशेतचे आबा म्हणाले, "पोरी, तू कशी काय हितं? मोबाइल लय बघितलास व्हय?"

"नाही आबा, मला काचबिंदू आहे."

"एकच की ते! काढला का झालं. उद्या टकाटक दिसंल बघ."

मी म्हटलं, "तुम्हाला दिसेल. मला नाही." मग आबांनी झग्याच्या खिशात हात घातला, तिथे काही नव्हतं. "च्यायला, पेढा होता, बाईनं काढून घेतला," म्हणाले. देता न आलेला तो पेढा मला लागू पडला.

आत थंडी. डोळ्याखाली भुलेचं इंजेक्शन, ते दुखतं, कुणी नाही म्हटलं तर विश्वास ठेवू नका. मग चेहऱ्यावर कापड. "मान उजवीकडे वळवा. अजून. अजून थोडी. आता अशीच ठेवा." वाकड्या मानेने पडून राहायचं आणि वरच्या उजेडात काहीतरी हलतंय एवढंच कळायचं. एक सिस्टर सबंध वेळ माझा पंजा धरून होती. तिचं नाव विचारायचं राहिलं.

अशा वेळी लोक देवाचं नाव घेतात. मी त्या दुकानदाराचं नाव घेतलं. त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जसं तक्रारीत लिहितात तसं. पुन्हा पुन्हा. मान हलली नाही. भीतीने हलली असती. रागाने मला घट्ट धरून ठेवलं.

तेच दूध

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. सगळं तांबडं, कोकम सरबताच्या ग्लासातून बघावं तसं. आत थोडं रक्त येतं, विरघळतं, घाबरू नका असं आधीच सांगितलं होतं. मी घाबरले नाही. तेवढ्यात सिस्टरने ट्रेमधली बाटली उचलली आणि हलवली. आत दूध.

मी तिचं मनगट पकडलं. "हे कुणी दिलं? कोण घालतंय हे मला?" वॉर्डातले लोक उठून बसले. महेशदादा धावत आला.

मॅडम आल्या. म्हणाल्या, "बरोबर ओळखलंस, त्याच घराण्यातलं आहे. पण आज तुला हे लागणार. आत सूज राहिली तर उघडलेली वाट परत चिकटेल. थोडे दिवस, मोजून, रोज कमी करत. आणि प्रत्येक भेटीत मी दाब बघणार. वाढतोय असं वाटलं की त्याच दिवशी बंद."

मी डोळा उघडा ठेवला. थेंब पडला. गार.

तेव्हा मला नीट समजलं. औषध तेच असतं. कुणाला द्यायचं, किती दिवस, मध्ये बघायचं आणि थांबवायचं, एवढंच काम असतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. माझा राग औषधावरून उठला आणि अख्खाच्या अख्खा माणसावर जाऊन बसला.

मोसंबी

घरी वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोकं उंच ठेवून झोपायचं. केस धुवायची पंचाईत. वहिनीने मला ओट्याच्या कडेला मान मागे टाकून बसवलं आणि पार्लरमध्ये धुतात तसे धुतले, डोळ्यात थेंबही जाऊ न देता. आठवड्याने तांबडं निवळलं. दाब उतरला. उतरलेलाच आहे. डावीकडची अंधारी पट्टी तशीच आहे आणि राहणार. मान वळवून बघायची सवय लावतेय.

मग मामा आजाऱ्याला बघायला आले. मोसंबी घेऊन.

बसले, पाणी प्यायले. म्हणाले, "काय नशीब बघा पोरीचं."

मी म्हटलं, "नशीब नाही. गार थेंब."

"हे बघ दीपाली, तू मागितलास, मी दिला. मी काय घरी आणून घातला होता का? हजार जणांना देतो मी. कुणाला काही झालं? तुलाच झालं. तुझा डोळाच मुळात कच्चा."

"त्या हजार जणांचा दाब कुणी मोजलाय मामा?"

ते वहिनीकडे वळले. "रोहिणे, समजाव हिला. काहीतरी तक्रारबिक्रार करणार म्हणे. घरच्या माणसावर. आणि हे बघ, आता जे थेंब लागतात ना तिला, ते पण आपल्याकडं मिळतात. आपल्याच दुकानातनं नेत जा."

आई उठली. तिने मोसंब्यांची पिशवी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "उटा," म्हणाली. "उटा हितनं." माझ्या आईने आयुष्यात कुठल्या पाहुण्याला उठवलेलं मी पाहिलं नव्हतं.

ते गेल्यावर वहिनी भांडी घासत बसली. पाठमोरीच म्हणाली, "ताई, मला पण खाज येते ना डोळ्यांना. माहेरी गेले की मामा देतो बाटली. चार बाटल्या झाल्या असतील." मग वळली. "मी मोजून घेऊ का गं?"

सही

मोजला. वहिनीचा दाबही वाढलेला होता. नस अजून शाबूत. थेंब बंद केल्यावर हळूहळू उतरला. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात. तिच्या मामाच्या "हजार जणांत कुणाला काही नाही" यातली एक त्याची स्वतःची भाची निघाली.

औषध निरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार द्यायला मी निघाले तेव्हा वहिनी साडी बदलून तयार होती. तिने माझ्या सहीखाली स्वतःची सही केली, माहेरचं आडनाव कंसात घालून, म्हणजे कोण ते कळावं. त्या दिवसापासून तिच्या आईचा फोन आलेला नाही. ती रोज संध्याकाळी मोबाइल उशाशी ठेवते. हेही त्या माणसाच्या खात्यावर लिहा.

साहेबांनी कागद वाचला, दुकानात फोन लावला, तिकडचं ऐकून घेतलं. म्हणाले, "नणंद-भावजयीची तक्रार, तीही मामावर. तो म्हणतोय घरगुती भांडण आहे आणि चिठ्ठीशिवाय त्याने कधीच विकलं नाही. तुमच्याशिवाय कोण आहे?"

मी टपऱ्यांच्या ओळीतून फिरले. हौसामावशी, आईच्या शेजारची टपरी, गेली दोन वर्षं एका डोळ्याने अंधूक बघते. ती म्हणाली, "वयानं व्हतंय गं त्ये. आन त्याच्यावर लिवून दिलं तर उद्या ताप आल्यावर कुटं जायाचं? रातीचा त्योच दार उगडतो."

"दार उघडतो म्हणून डोळा द्यायचा?"

"तुजं बोलणं लय तिखाट हाय बग," म्हणाली आणि कणीस फिरवत राहिली. सही दिली नाही. तपासायलाही आली नाही.

मला त्याची माफी नको. मला त्याचं लायसन भिंतीवरून उतरलेलं बघायचंय, त्याच्या डोळ्यांदेखत, आणि माझ्या उजव्या डोळ्याने नीट बघायचंय. तो मला सुडाने पेटलेली म्हणतो. बरोबर म्हणतो. डोळा माझा गेलाय, भाषा पण माझीच राहील.

पण माझ्या आणि वहिनीच्या दोन सह्यांनी तो हलणार नाही. आता तुमच्याशी बोलते. कुरवंडे, कुसगाव, पॉइंटची ओळ, हॉटेलच्या भटारखान्यातली पोरं, ज्यांनी ज्यांनी हा थेंब महिनोन्‌महिने घातलाय ते सगळे. "मला स्पष्ट दिसतंय" हे मला सांगू नका, मलाही दिसत होतं. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि मागून घ्या: डोळ्याचा दाब मोजा, मागची नस बघा. किती वर्षं घातला आणि कुठून आणला ते तिथे लपवू नका. दाब चांगला निघाला तरी माझ्याकडे या, वाईट निघाला तर धावत या. मला तुमची हळहळ नको. चिठ्ठीशिवाय हा थेंब तुम्हाला कुणी विकला, त्याचं नाव साहेबांसमोर मोठ्याने सांगा आणि माझ्या नावाखाली सही करा.